सुंदरीची पाठ

त्या आठवड्यात गोरक्ष पिंगळेला काही केल्या एका जागी बसवत नव्हतं. चहा अर्धा टाकून उठायचा, कात्री घेऊन गुलाबात शिरायचा, चार दांडे छाटायचा आणि परत अंगणात येऊन उभा राहायचा. अंगणात सुंदरी पसरलेली असायची. तिच्याकडे बघायचा आणि लगेच नजर दुसरीकडे वळवायचा. म्हणजे बघायचं तर आहे, पण दिसायला नको, असला प्रकार.

"अहो, पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या?" उज्वला शेवंतीचे गजरे बांधता बांधता ओरडायची. "एक तर बसा, नाही तर बाजारात जा. मधल्या मधे आमचं डोकं नका फिरवू."

"रविवारी शो आहे ना," तो म्हणायचा.

शो होता हे खरंच. देवळाली कॅम्पच्या मैदानावर दरवर्षी थंडीत कुत्र्यांचं प्रदर्शन भरायचं. गेल्या वर्षी सुंदरी तिथे दुसरी आली होती. यंदा ती पहिली येणार हे गोरक्षनं मखमलाबादच्या अर्ध्या गावाला सांगून ठेवलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्याला त्या अर्ध्यानं सांगितलं होतं. पण त्याची घालमेल शोपायी नव्हती. सुंदरीची पाठ मागच्या बाजूनं खरोखर खाली गेलीय, की नुसती उभं करण्याच्या पद्धतीमुळे तशी दिसते, हा एकच किडा त्याच्या डोक्यात वळवळत होता. बरं, हे कुणी विचारलं होतं असंही नाही. त्याचा त्यालाच प्रश्न पडला होता, आणि स्वतःला पडलेल्या प्रश्नाला उडवून तरी कसं लावणार?

सुंदरी म्हणजे जर्मन शेफर्ड. काळी-तांबूस, केसाळ, डोळे असे की समोरच्याला वाटावं आपलंच काहीतरी चुकलंय. पिल्लू असताना गोरक्षनं तिचं नाव डचेस ठेवलं होतं. ते त्याच्या आईच्या, ठमाबाईच्या, तोंडात बसेना. "दचीस दचीस काय करतो? शिंक आल्यासारखं वाटतं. सुंदरी म्हण," असं तिनं फर्मावलं आणि डचेस फक्त शोच्या कागदावर उरली.

तिला उभं राहायला शिकवलं ते सुभेदार झिपरू आहेरांनी. हा गडी मूळचा देवळ्याचा. सगळी नोकरी फौजेच्या कुत्र्यांबरोबर काढली आणि निवृत्तीनंतर कॅम्पातच घर केलं. त्यांनी गोरक्षला पोज समजावून दिली. पुढचे दोन्ही पाय खांबासारखे सरळ. मागचा एक पाय पोटाखाली पुढे घ्यायचा आणि दुसरा मागे लांबवायचा. तसं केलं की पुठ्ठे खाली जातात, मान वर येते, आणि खांद्यापासून शेपटीपर्यंत पाठ एका झोकदार उतारानं खाली येते. "हा उतार कुत्र्याचा नाही, गोरक्षराव, पायांचा आहे," सुभेदार सांगायचे. "पाय सरळ करा, पाठ सरळ." उभं करताना डाव्या हाताची बोटं पोटाखाली अलगद टेकवायची, म्हणजे जनावर खाली बसत नाही. नुसती बोटं, भार घ्यायचा नाही.

या पोजमधला सुंदरीचा पहिला फोटो मोबाइलवर आला तेव्हा घरात काय रामायण झालं होतं म्हणून सांगू! ठमाबाईनं फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि कपाळावर हात मारला.

"अरे देवा, हिची तर कंबर गेली! कुणी मारली रे माझ्या सुंदरीला?"

तिचं तरी काय चुकलं? ठमाबाईचं माहेर बैलवाल्यांचं. तिचा बाप बैल घ्यायला जायचा तेव्हा आधी दात बघायचा नाही, शिंगं बघायचा नाही; बैलाच्या मागे उकिडवा बसून पाठीची रेघ बघायचा. पाठ पाटासारखी हवी. मागनं उतरली की बैल कामातून गेला, असं समजून तो पुढच्या दावणीला जायचा. तीच नजर ठमाबाईकडे आली होती, आणि त्या नजरेनं बघितलं तर हे कुत्रं मोडीतच निघालेलं होतं. तिचा आरडाओरडा ऐकून गल्ली गोळा झाली. कुणी म्हणालं, गाडीखाली आली असेल. कुणी म्हणालं, लाथ बसली असेल म्हशीची. गोरक्षची मात्र हसून हसून मुरकुंडी वळली.

त्यानं सुंदरीला सगळ्यांसमोर उभं केलं. आधी पोजमध्ये. मग मागचा पाय उचलून दुसऱ्याच्या बरोबरीनं ठेवला, बोटं काढून घेतली, आणि आईच्या हातातला पाण्याचा तांब्या घेऊन चक्क सुंदरीच्या पाठीवर ठेवला. तांब्या हलला नाही. पाणीसुद्धा हिंदकळलं नाही. "बघ आये! बैलाची हाय का अशी?" ठमाबाईनं तोंडाला पदर लावला आणि सगळे खो खो हसले.

तेव्हापासून तांब्या हा त्या घरचा खेळच झाला. पाहुणा आला की चहाच्या आधी तांब्या. आणि कुणी म्हणालं, "कुत्री मागनं बसल्यासारखी का वाटते हो?" की गोरक्षचं उत्तर तयार असायचं: "ती पोज आहे."

आता खरी गोम इथे होती. गोरक्षनं कितीतरी दिवसांत तांब्या ठेवला नव्हता.

सुरुवात नखांपासून झाली. सकाळी सुंदरी ओसरीच्या शहाबादी फरशीवरून चालत यायची तेव्हा मागच्या पायाचं नख घासल्याचा आवाज यायचा. खर्र. मग दोन पावलं काही नाही. मग परत खर्र. गोरक्षला वाटलं, नखं वाढली असतील. बघितली तर मधली नखं झिजून पार आत गेलेली. थंडीमुळे सांधे धरले असतील, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पूर्वी ती एका उडीत ओट्यावर यायची, आता पायऱ्यांकडून वळसा घालून यायला लागली. शहाणी झाली, असं त्यानं उज्वलाला सांगितलं.

"शहाणी झाली की म्हातारी?" उज्वला म्हणाली. "पाच वर्षांची आहे ती. डॉक्टरला दाखवून आणा."

"शो झाल्यावर."

"शो काय पळून चाललाय? पुढल्या वर्षी पण येईल."

"शो झाल्यावर म्हटलं ना!" तो एवढ्या जोरात ओरडला की उज्वलाच्या हातातला दोरा तुटला. मग त्यालाच कसंतरी झालं. तो उगीच विहिरीकडे जाऊन मोटर चालू करून आला, आणि पाणी नको आहे हे लक्षात आल्यावर परत बंद करून आला.

बरं, ठमाबाईनं तरी बोलावं? तर ती गप्प. एक दिवस फक्त म्हणाली, "बिब्बा घालू का हिच्या कंबरंला?" गोरक्षनं नुसतं बघितलं. "ऱ्हायलं बाबा," ती म्हणाली, "मला काय कळतंय? माझी नजर बैलाची." आणि निवडायला घेतलेली मेथी पुढ्यात ओढली. तांब्यावरून गावभर हसू झालेलं ती विसरली नव्हती. तिचं तोंड गोरक्षनंच बंद केलं होतं, आणि आता ते उघडावं असं त्याला एकदा वाटायचं, एकदा नको वाटायचं.

आणि या सगळ्यात एक गोष्ट मात्र अशी होती की तिच्या जोरावर तो तग धरून होता. सुंदरी आता पोजमध्ये विलक्षण स्थिर उभी राहायची. पूर्वी मागचा पाय लांबवला की ती लगेच पाय पुढे घ्यायची, परत लांबवा, परत पुढे. ओरडून ओरडून घसा बसायचा. हल्ली पाय जसा ठेवावा तसा ठेवायची. कितीही वेळ. गोरक्षनं तिला कॅम्पात नेऊन दाखवलं तेव्हा सुभेदार चाटच पडले.

"कमाल केलीत हो गोरक्षराव! ठेवलेला पाय हलवत नाही. अशी कुत्री मी फौजेतसुद्धा पाहिली नाही. रविवारी पहिला नंबर तुमचा."

गोरक्षचा जीव भांड्यात पडला. सुभेदारांना कळत नाही म्हणजे काय? त्यांनी उभा जन्म कुत्र्यांत काढलाय. परत येताना त्यानं दोन किलो जिलेबी घेतली. पण मनगट मात्र दुखत होतं. डावं मनगट. हल्ली रोजच ठणकायचं, सरावानंतर जास्त. गुलाब छाटून छाटून होतं, असं तो म्हणायचा. छाटायची कात्री त्याच्या उजव्या हातात असायची, हे त्याच्या मनात आलं नव्हतं असं नाही. आलं की तो उठून कुठेतरी निघून जायचा.

शुक्रवारी उज्वलाचा भाऊ महेश लासलगावहून आला. मार्केट यार्डात हमालांचा मुकादम, बोलण्यात कायम लिलावाचा सूर. "दाजी, तांब्या काढा! आमच्या पोरांना व्हिडिओ दाखवायचाय." ठमाबाईनं लगेच तांब्या भरून आणला. बाई गं, त्या वेळी गोरक्षचा चेहरा बघायला हवा होता.

"आज नको. शो आहे, दमवायला नको तिला."

"तांब्यानं काय दमती? उभीच तर ऱ्हायचंय."

"नको म्हटलं ना महेश!"

महेश हिरमुसला. ठमाबाई तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. गोरक्षकडे बघत राहिली आणि मग तुळशीला पाणी घालून आत गेली. गोरक्षला भीती वाटली. तांब्या पडेल याची नाही. तो पडताना आई बघेल याची.

रविवारी फुलांच्या पिकअपमध्ये मागे पोतं अंथरून सुंदरीला बसवलं. तिला उचलून चढवताना गोरक्ष म्हणाला, "उडी मारून पाय मुरगळायला नको." कुणी काही विचारलं नव्हतं. ठमाबाई नवं लुगडं नेसून पुढे बसली होती. यायचंच म्हणून हटून बसली होती, आणि तिला नाही म्हणायची ताकद गोरक्षमध्ये उरली नव्हती. उज्वला मागे सुंदरीजवळ बसली, मांडीवर शेंगदाण्याच्या लाडवांचा स्टीलचा डबा. हा डबा म्हणजे तिचं काम. रिंगच्या, म्हणजे दोरी बांधून आखलेल्या गोलाच्या, बाहेर समोर उभं राहून तो वाजवायचा, मग सुंदरी कान टवकारून, मान उंच करून समोर बघायची. गेल्या वर्षी निम्मा नंबर त्या डब्याचाच होता, असं उज्वला म्हणायची.

मैदानावर दवानं भिजलेलं गवत होतं. ते बघून गोरक्षला हायसं वाटलं, कारण गवतावर नख वाजत नाही. असं हायसं वाटल्याची त्याला लगेच लाजही वाटली. पण तोवर शेफर्डचा पुकारा झाला आणि सुभेदारांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

जज्ज पुण्याकडच्या एक बाई होत्या. अंगानं शिडशिडीत, डोक्याला टोपी, चेहऱ्यावर ना राग ना लोभ. त्यांनी सगळी कुत्री गोल पळवली. सुंदरी सरळ पळताना झोकात पळाली. वळणावर तिचा मागचा भाग बाहेर फेकला गेला, तेव्हा गोरक्षनं पुढची वळणं लांबून घेतली. मग पोज. पुढचे पाय सरळ, मागचा एक पोटाखाली, दुसरा लांब. समोर डबा खणखणला. सुंदरीनं कान ताठ केले आणि ती अशी काही उभी राहिली की कडेची माणसं वा वा करायला लागली. ज्यांचे पाय जागेवर राहत नव्हते ती कुत्री एकेक करून मागे गेली. पुढे सुंदरी राहिली.

बाई जवळ आल्या. दात बघितले, खांदे चाचपले. "सुरेख उभी राहते," त्या म्हणाल्या. "आता मागचे दोन्ही पाय बरोबरीत घ्या. पोजमध्ये सगळ्यांच्याच पाठी चांगल्या दिसतात. मला हिची पाठ बघायची आहे."

गोरक्षनं पट्टा उजव्या हातात घेतला. इतके दिवस जे टाळलं ते आता सगळ्या मैदानासमोर करायचं होतं. तो खाली वाकला. डावा हात पोटाखाली घातला, उजव्यानं मागे लांबवलेला पाय उचलला आणि पुढे आणून ठेवला. घाईत पंजा नीट टेकला नाही. बोटं आत दुमडली आणि पंजाची वरची बाजू गवताला लागली. कुठलंही कुत्रं असा पंजा एका क्षणात झटकून सरळ करतं. गोरक्ष थांबला. आता करेल. आत्ता करेल.

सुंदरीनं केला नाही. ती समोर डब्याकडे बघत होती, डोळ्यांत चमक, तोंड हसरं. पंजा दुमडलेला होता, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

तेव्हा त्याला सगळं कळलं. ती स्थिर राहायला शिकली नव्हती. पाय कुठे ठेवलाय हेच तिला कळायचं बंद झालं होतं. ज्याला तो शिकवणी म्हणत होता, ज्याच्यावर त्यानं जिलेबी वाटली होती, ते हे होतं. त्यानं पटकन पंजा सरळ केला, कुणी बघितलं नसेल अशा आशेनं. पोटाखालचा तळवा वर दाबला. पाठ सपाट झाली, अगदी तांब्या ठेवावा अशी.

बाईंनी एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं. "पाठ चांगली आहे," त्या म्हणाल्या. "हात काढा."

"काढतो," गोरक्ष म्हणाला.

हात तिथेच राहिला. मनगट ठणकत होतं. तळव्यावर सुंदरीचा सगळा मागचा भार होता, आणि तो आजचा नव्हता. बोटं कधी टेकली, बोटांची मूठ कधी झाली, मुठीचा तळवा कधी झाला, हे त्याला आठवत नव्हतं. रोज सकाळ-संध्याकाळ तो तिला उभी करत नव्हता, धरून ठेवत होता.

"दादा, हात काढा."

त्यानं हात थोडासा खाली घेतला. पाठ हाताबरोबर खाली आली. त्यानं हात परत वर घेतला. पाठ परत वर आली. सुंदरीनं मान वळवून त्याचा कान चाटला.

"काढता येत नाही, मॅडम," तो म्हणाला.

बाई गुडघ्यावर बसल्या. त्यांनी तो पंजा हळूच उलटा करून ठेवला आणि वाट बघितली. पंजा तसाच राहिला. त्यांनी तो आपल्या हातानं सरळ केला आणि गोरक्षकडे बघितलं. आता त्यांचा चेहरा मघासारखा कोरडा नव्हता.

"केव्हापासून आहे हे?"

"ती पोज..." गोरक्षच्या तोंडून सवयीनं निघालं. त्याला रडू कोसळलं. वाकलेला, एक हात कुत्रीच्या पोटाखाली, दुसऱ्या हातानं डोळे पुसायचे तर त्या हातात पट्टा. तसाच रडत राहिला.

"नाशिकला चांगले डॉक्टर आहेत. आजच न्या," बाई हळूच म्हणाल्या. "बरं होईल असं मी सांगू शकत नाही. पण आजच न्या."

कडेला गलका झाला. दोरी वर करून ठमाबाई आत आली होती. सुभेदार "आजी, आजी, आत यायचं नाही" म्हणत तिच्या मागे धावत होते. तिनं त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. नव्या लुगड्याचा काठ गवतात भिजत होता. ती सुंदरीच्या पलीकडच्या बाजूला येऊन बसली. गोरक्षला वाटलं, आता म्हणेल. म्हणू दे. काय वाटेल ते म्हणू दे.

"आये," तो म्हणाला, "तुला कळलं होतं ना?"

"व्हय."

"मग बोलली का नाय?"

ठमाबाईनं सुंदरीच्या पोटाखाली आपला हात घातला, त्याच्या हाताच्या शेजारी.

"तुला बी कळलं व्हतं," ती म्हणाली. "ऊठ. या बाजूनं मी धरते."

दोघं दोन बाजूंनी वाकून चालायला लागले. लोकांनी वाट दिली. समोर उज्वला डबा छातीशी धरून उभी होती, आणि तिच्या हाताच्या थरथरीनं तो आपोआप वाजत होता. तो आवाज ऐकून सुंदरीनं कान ताठ केले, मान उंच केली आणि शो अजून चालूच आहे अशा ऐटीत ती दोघांच्या हातांवर पुढे निघाली.